ऑफिसचं दावं सैल झालं की घर कुठवर जातं? रिमोट वर्क सोप्या भाषेत

माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी शहरातलं भाड्याचं घर सोडलं आणि आईवडिलांच्या जवळ, ऑफिसपासून दोन तासांवर, एक ऐसपैस घर घेतलं. कंपनीनेच सांगितलं होतं, कुठूनही काम करा. मुलीची शाळा बदलली, कर्जाचे हप्ते सुरू झाले, आणि मग एके दिवशी मेल आला की पुढच्या तिमाहीपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यायचं. फोनवर ती पार गोंधळून गेली होती, परत परत एकच विचारत होती, "अगं, काम तर तेच आहे ना, मग माझं घर कुठे आहे याने एवढा काय फरक पडतो?"

सध्या हा प्रश्न जगभर लाखो लोकांना पडलाय. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांना पाचही दिवस यायला सांगितलं, अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही त्याच महिन्यात आपल्या कर्मचाऱ्यांना परत बोलावलं, आणि दुसरीकडे कितीतरी कंपन्या आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर स्थिरावल्यात. रोज नवी बातमी, रोज नवं मत, आणि त्यात माणसाला कळत नाही की घर घ्यावं, बदलावं की थांबावं. म्हणून हे सगळं अगदी पायापासून, जमेल तितक्या सोप्या भाषेत लिहायचा प्रयत्न करतेय.

आधी दोन-तीन शब्द

रिमोट वर्क म्हणजे ऑफिसच्या इमारतीत न जाता कुठूनही केलेलं काम. ते घरून असेल, लायब्ररीतून असेल, दुसऱ्या देशातूनही असेल. हायब्रिड म्हणजे काही दिवस ऑफिस, काही दिवस घर. आणि तिसरा एक शब्द कमी ऐकू येतो पण महत्त्वाचा आहे, असिंक्रोनस काम, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नसलेलं काम: तू तुझ्या वेळेला लिहून ठेव, मी माझ्या वेळेला वाचून उत्तर देते. पुढे यातले पहिले दोनच शब्द जास्त येतील.

कल्पना नवी नाहीये. अमेरिकेत जॅक निलेस नावाच्या इंजिनिअरने १९७३ मध्ये टेलिकम्युटिंग हा शब्द काढला, तेलाचं संकट आलेलं, रस्ते गाड्यांनी तुंबलेले, आणि त्याचं म्हणणं साधं होतं: माणसाला कामापर्यंत रोज ओढत नेण्यापेक्षा काम माणसापर्यंत तारेवरून पाठवा. तरी पुढची जवळपास पन्नास वर्षं हे प्रकरण कोपऱ्यातच राहिलं. इंटरनेट आलं, लॅपटॉप आले, व्हिडिओ कॉल आले, पण घरून काम करतो म्हटलं की साहेबाच्या मनात शंका यायचीच. याहूने २०१३ मध्ये घरून काम बंद केलं, आयबीएमने २०१७ मध्ये कित्येकांना परत बोलावलं. मग मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटलं आणि काही आठवड्यांत सगळ्या जगाने एकदम हा प्रयोग केला, तोही कुणाला न विचारता. तंत्र आधीपासूनच होतं, अडलं होतं ते सवयीपाशी आणि विश्वासापाशी.

खुंटा आणि दावं

आता मुख्य मुद्दा, आणि हा एक कळला की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. खुंट्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या लांबीइतकंच चरू शकतं. ऑफिस हा आपला खुंटा होता, रोजचा प्रवास हे दावं, आणि आपलं घर, मुलांची शाळा, डॉक्टर, मित्र, सगळं त्या गोलाच्या आत बसवावं लागायचं. आपण म्हणायचो की ही जागा आम्ही निवडली, पण खरं तर त्या गोलातलंच काहीतरी निवडलेलं असायचं.

दावं केवढं लांब असतं? चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक गंमतीशीर निरीक्षण मांडलं (याकोव्ह झहावी यांनी त्याच्याही आधी असंच काही दाखवलं होतं) की माणसं सरासरी दिवसाला तासभराचा प्रवास सहन करतात, मग साधन कुठलंही असो. चालत जायचे दिवस होते तेव्हा जुनी तटबंदीची शहरं साधारण पाच किलोमीटर रुंद असायची, म्हणजे मध्यापर्यंत अर्धा तास जायला आणि अर्धा तास यायला. ट्राम आली, रेल्वे आली, मोटार आली, वेग वाढला, पण लोकांनी तो वाचलेला वेळ घरात घालवला नाही, ते लांब राहायला गेले. तास तसाच राहिला, शहर पसरलं.

आता हाच हिशोब दिवसाऐवजी आठवड्याचा करून बघा. पाच दिवस, रोज जाऊन-येऊन एक तास, म्हणजे आठवड्याला पाच तास. समजा ऑफिसला दोनच दिवस जायचंय आणि तेच पाच तास खर्च करायची तुमची तयारी आहे, तर नुसतं जायला (किंवा नुसतं यायला) सव्वा तास येतो, म्हणजे आधीच्या अर्ध्या तासाच्या अडीचपट लांब राहता येतं. आणि गोलाची त्रिज्या अडीचपट झाली की आतली जागा अडीचपट वाढत नाही, सव्वासहापट वाढते, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. तीन दिवस जायचं असेल तर हीच जागा जेमतेम पावणेतीनपट होते. एकच दिवस असेल तर पंचवीसपट. आणि शून्य दिवस असतील तर गोलच राहत नाही, दावं सुटलं.

माझ्या मैत्रिणीचं उत्तर इथेच आहे. तिने शून्य दिवसांच्या हिशोबाने घर घेतलं आणि आता तिला तीन दिवसांचा नियम लागला. दोन तास जायला, दोन तास यायला, तीन दिवस, म्हणजे आठवड्याला बारा तास गाडीत. कंपनीच्या कागदावर दोन आणि तीन यात एकाचाच फरक दिसतो, पण घर निवडणाऱ्यासाठी त्या एका दिवसाने अर्ध्याहून जास्त नकाशा पुसला जातो. म्हणून घरून काम चांगलं की वाईट हा वाद मला अर्धवट वाटतो. किती दिवस, आणि ते दिवस उद्या बदलणार नाहीत याची खात्री किती, यावर माणसांचं खरं आयुष्य ठरतंय.

वाचलेला वेळ जातो कुठे?

२७ देशांतल्या लोकांची पाहणी करून काही अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये हिशोब मांडला होता, घरून काम केलेल्या दिवशी प्रवासाचे सरासरी ७२ मिनिटं वाचतात. यातली साधारण ४० टक्के परत कामातच जातात, ३४ टक्के विश्रांती आणि मनोरंजनात, ११ टक्के मुलांची किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्यात. म्हणजे घरी बसून लोक आराम करतात असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं की सगळ्यात मोठा वाटा कंपनीच्याच पदरात पडतोय.

पण मिनिटं हा यातला छोटा भाग आहे, दिवसाचा आकारच बदललाय. आधी दिवसाला कडा होत्या. घरातून बाहेर पडलं की काम सुरू, परतीच्या गाडीत बसलं की काम संपायला लागायचं, डोकं हळूहळू रिकामं व्हायचं. तो प्रवास कटकटीचा होता हे खरं, पण दोन भूमिकांच्या मधला उंबरठाही होता. आता लॅपटॉप मिटला की तीन पावलांवर स्वयंपाकघर, आणि मूल समोर उभं असतं तेव्हा डोक्यात अजून मघाशी झालेली मीटिंगच चालू असते. मला स्वतःला हे कळायला दीड वर्षं लागलं की संध्याकाळी माझी चिडचिड कामामुळे होत नव्हती, मधला उंबरठा गेल्यामुळे होत होती. आता काम संपलं की मी चप्पल घालून वीस मिनिटं बाहेर चालून येते, घरी परत आल्यासारखी परत येते, आणि हे ऐकायला बालिश वाटेल पण खरंच फरक पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हिडिओ कॉलचा थकवा. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये याची चार कारणं सांगितली: सगळे चेहरे फार जवळून सतत आपल्याकडे बघतायत असं वाटणं, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका चौकटीत हालचाल न करता बसणं, आणि मान डोलावणं-हातवारे यासारख्या एरवी आपोआप होणाऱ्या खुणा मुद्दाम कराव्या लागणं. विचार करा, कुणी ऑफिसात दिवसभर तुमच्यासमोर आरसा धरून उभं राहिलं असतं तर किती थकला असता. स्वतःचं चित्र लपवायचं बटण जवळपास सगळ्या ॲपमध्ये असतं, ते वापरा.

आणि कामाची कड पुसली गेली म्हणूनच काही देशांनी कायदा आणला. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क लागू झाला, पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकांनाच सांगितलं की वेळेनंतर कर्मचाऱ्याला त्रास देऊ नका, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी उत्तर द्यायला नाही म्हणू शकतो.

मग लोक निघून गेले तरी कुठे?

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की शहरं रिकामी होणार आणि लोक डोंगरात नाहीतर समुद्रकाठी जाऊन राहणार. तसं थोड्यांनी केलंही. पण अर्जुन रमाणी आणि निकोलस ब्लूम या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या टपाल खात्याकडचे पत्ते बदलल्याचे आकडे तपासले तेव्हा वेगळंच दिसलं. मोठ्या शहरांच्या मध्यभागातून लोक निघाले, पण बहुतेक जण त्याच शहराच्या बाहेरच्या पट्ट्यात थांबले. मध्ये भोक, कडेला फुगवटा, म्हणून त्यांनी याला डोनट इफेक्ट म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर मेदूवड्यासारखं.

असं का झालं हे आता दाव्याच्या हिशोबाने लगेच कळेल. बहुतेकांचं काम पूर्ण रिमोट झालंच नाही, हायब्रिड झालं. दावं लांब झालं, तुटलं नाही. माणूस गोलाच्या नव्या कडेपर्यंत गेला आणि थांबला, कारण मंगळवारी सकाळी तर जायचंच होतं.

घराचा आकारही बदलला. जे घर रात्री झोपायला आणि सुट्टीला पुरायचं त्यात आता दोन माणसांना दिवसभर बोलायचंय, तेही दोन वेगवेगळ्या मीटिंगमध्ये. एक जादा खोली, दाराला कडी, बरं इंटरनेट, दुपारचं ऊन स्क्रीनवर येणार नाही अशी खिडकी, ही मागणी वाढली आणि किमतीही वाढल्या. अमेरिकेत २०१९ च्या शेवटापासून २०२१ च्या शेवटापर्यंत घरांच्या किमती जवळजवळ २४ टक्क्यांनी चढल्या आणि त्यातली अर्ध्याहून जास्त वाढ रिमोट वर्कमुळे, असा अंदाज तिथल्या दोन अर्थतज्ज्ञांनी मांडलाय. म्हणजे ज्यांचं काम घरून होऊच शकत नाही, नर्स, ड्रायव्हर, दुकानदार, त्यांनाही या बदलाचं बिल भरावं लागलं, फायदा मात्र मिळाला नाही. मला यातला सगळ्यात टोचणारा भाग हाच वाटतो.

काही गावांनी आणि देशांनी उलट लोकांना बोलावणं धाडलं. अमेरिकेतल्या टल्सा शहरात २०१८ पासून एक योजना आहे, बाहेरून येऊन वर्षभर राहणाऱ्या रिमोट कर्मचाऱ्याला १०,००० डॉलर मिळतात. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये आणि एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये खास व्हिसा काढले, नोकरी दुसऱ्या देशात आणि मुक्काम आमच्याकडे. याला डिजिटल नोमॅड म्हणतात, लॅपटॉप घेऊन फिरणारे भटके म्हणा. पण श्रीमंत देशाचा पगार घेऊन माणूस स्वस्त शहरात आला की तिथली भाडी त्याच्या खिशाप्रमाणे सरकायला लागतात आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहणारा माणूस बाहेर ढकलला जातो. मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये लोक याच कारणाने रस्त्यावर उतरले होते. नवा माणूस आला की गल्लीला धंदा मिळतो हे खरंय, पण भाडं भरणाऱ्याला विचाराल तर त्याचा हिशोब वेगळा असतो.

"पण घरून काम खरंच नीट होतं का?"

हा प्रश्न रास्त आहे आणि याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण अभ्यास खरोखरच वेगवेगळं सांगतात.

ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या शेवटी शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत प्रयोग केला. कॉल सेंटरमधल्या स्वतःहून तयार झालेल्यांपैकी काहींना, जन्मतारखेच्या सम-विषम आकड्यावरून, नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण प्रयोग संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी परत ऑफिस मागितलं, एकटं वाटतं म्हणून. आणि आता गंमत बघा, ज्याला जे हवं ते निवडू दिलं तेव्हा फायदा १३ वरून जवळपास २२ टक्क्यांवर गेला. घरापेक्षाही निवड करता येणं जास्त मोलाचं ठरलं.

आता उलट बाजू. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर असाच चिठ्ठी टाकून प्रयोग झाला तेव्हा घरून काम करणाऱ्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या १०,००० हून जास्त कर्मचाऱ्यांचे महामारीतले आकडे तपासले तर तास वाढले होते, मीटिंगा वाढल्या होत्या, आणि तासामागे होणारं काम घटलं होतं.

मग खरं कोण? सगळेच. शांघायच्या प्रयोगात भाग घ्यायला घरात स्वतंत्र खोली आणि चांगलं इंटरनेट लागायचं, काम एकट्याने करायचं होतं, आणि एक दिवस ऑफिस होतंच. महामारीत मात्र शाळा बंद, मुलं मांडीवर, तयारी शून्य. चेन्नईत ज्यांना घरून काम जास्त हवं होतं त्यांचंच काम घरी जास्त घटलं, कारण त्यातल्या अनेकांच्या अंगावर मुलं किंवा घरातलं दुखणं-खुपणं होतं, ऑफिसला जाणं त्यांना परवडतच नव्हतं. म्हणजे आकडा माणसाच्या आळसाचा नाहीये, त्याच्या घरातल्या परिस्थितीचा आहे.

हायब्रिडबद्दल चित्र बरंच स्पष्ट आहे. शांघायच्या त्याच सीट्रिप कंपनीत (आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम आहे) १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला, दोन दिवस घरून. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये नेचरमध्ये आले: नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत दोन वर्षं बघूनही काही फरक सापडला नाही. प्रयोगाआधी मॅनेजर लोकांना वाटत होतं की काम घटेल, प्रयोगानंतर त्यांचंच मत बदललं.

"नवीन मुलांनी शिकायचं कुणाकडून?"

घरून कामावरच्या आक्षेपांपैकी मला सगळ्यात पटणारा हा आहे, आणि मी स्वतः घरून काम करते तरी हे मान्य करते.

कामातलं निम्मं शिक्षण कुणी शिकवत नाही, ते कानावर पडतं. शेजारच्या टेबलावरचा सीनिअर चिडलेल्या ग्राहकाशी कसा बोलतो, चूक झाली की साहेबाला आधी काय सांगायचं, कुठला प्रश्न मेलवर विचारायचा आणि कुठला जिन्यात. व्हिडिओ कॉलवर ठरलेलंच बोलणं होतं, कानावर काही पडत नाही. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की इंजिनिअर एकमेकांपासून जितके लांब बसतात तितकं त्यांचं बोलणं झपाट्याने कमी होतं, पन्नासेक मीटरच्या पुढे तर जवळपास संपतंच.

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आपल्याच ६१,००० हून जास्त कर्मचाऱ्यांच्या मेल-कॉलचा अभ्यास केला. आपल्या टीममधलं बोलणं घट्ट झालं, पण वेगवेगळ्या टीममधल्या लोकांसोबत जाणारा वेळ साधारण पाव हिश्शाने घटला. हे का महत्त्वाचं? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये सांगितलं होतं की नवी माहिती आणि नोकरीच्या संधी बऱ्याचदा जवळच्या मित्रांकडून येत नाहीत, तोंडओळखीच्या लोकांकडून येतात, कारण जवळच्यांना माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. ऑफिसातली लिफ्ट, चहाची टपरी, पार्किंग, ही तोंडओळखींची जागा होती. चाळिशीतल्या माणसाने या ओळखी आधीच जमवून ठेवलेल्या असतात, तो घरून आरामात त्यावर जगतो. बाविशीतल्या मुलीकडे हे भांडवलच नसतं, आणि ती कदाचित एका छोट्या खोलीत पलंगावर बसून काम करतेय. त्यामुळे हायब्रिडमध्ये सगळ्या टीमने ठरवून एकाच दिवशी येणं फार गरजेचं आहे. ऑफिसला जाऊन एकटीने हेडफोन लावून व्हिडिओ कॉलच करायचे असतील तर तो दिवस दोन्हीकडून वाया.

"हे सगळं मूठभर लोकांचंच ना?"

हो, बऱ्याच अंशी. डिंगेल आणि नीमन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये हिशोब केला होता की अमेरिकेतल्या साधारण ३७ टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून करता येण्यासारख्या आहेत, आणि गरीब देशांत हे प्रमाण आणखी कमी. म्हणजे श्रीमंत देशातही बहुसंख्य लोकांना रोज बाहेर पडावंच लागतं. आणि ऑफिसच्या आसपास ज्यांचं पोट होतं, जेवणाच्या छोट्या खानावळी, इस्त्रीवाले, सफाईचं काम करणारे, त्यांचा गिऱ्हाईक आठवड्यातून पाचऐवजी दोन-तीन दिवसच येतो. रिकाम्या ऑफिसांची किंमत घसरली की शहराचा त्यावरचा करही घटतो, आणि मग बस आणि रस्त्यांना पैसा कुठून, हा प्रश्न मोठ्या शहरांसमोर आहेच.

पण या मूठभरात अशीही माणसं आहेत ज्यांच्यासाठी आधी दारच बंद होतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला रोजची गर्दीची गाडी म्हणजे डोंगर. जुनाट दुखणं असलेली, लहान बाळ असलेली, आजारी आईला सोडून न जाऊ शकणारी. अमेरिकेत महामारीनंतर अपंग व्यक्तींच्या नोकरीचं प्रमाण आधी कधी नव्हतं इतकं वाढलं, आणि त्यात घरून कामाचा वाटा असल्याचं अभ्यास सांगतात. त्यामुळे सगळ्यांना परत बोलवा हा हुकूम निघतो तेव्हा सगळ्यात आधी कोण गळतं हे बघायला हवं. बायकांच्या बाबतीत तर हे दुधारी आहे, नोकरी टिकते हे खरं, पण तू घरीच आहेस ना म्हणून घरातलं सगळं काम तिच्याच अंगावर येतं.

पर्यावरणाला फायदा?

होतो, पण वाटतो तसा सरळ नाही. २०२३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अमेरिकेतला हिशोब काढला. पूर्ण घरून काम करणाऱ्याचं कार्बन उत्सर्जन ऑफिसला जाणाऱ्यापेक्षा ५४ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, दोन ते चार दिवस घरून असेल तर ११ ते २९ टक्के, आणि एकच दिवस घरून असेल तर फक्त २ टक्के. कारण घरी वेगळी वीज जळते, ऑफिसचा एसी तर एरवीसारखाच चालू असतो, आणि घरी असलेला माणूस दुपारी गाडी काढून दुसऱ्याच कामाला जातो. लांब राहायला गेलेल्याची एकेक फेरीही लांबच असते. मार्केटीचा तो तास इथेही पाठ सोडत नाही.

पगार आणि टॅक्स

थोडक्यात सांगते, पण हे विसरू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नोकरी शोधणारे घरून कामासाठी सरासरी ८ टक्के कमी पगार घ्यायला तयार होते, आणि कंपन्यांना हे माहीत आहे. काही कंपन्या राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे पगार ठरवतात, तेव्हा स्वस्त गावात गेल्यावर पगार कमी होईल का हे आधी विचारा. दुसऱ्या देशातून काम करणार असाल तर अनेक देशांत वर्षातून १८३ दिवस राहिलं की तिथला टॅक्स लागू शकतो, आणि काही ठिकाणी त्याहून आधीही. फिरायला गेले आणि तिथूनच काम केलं, एवढं ते साधं नसतं.

घर बदलायच्या आधी

मैत्रिणीसोबत बसून आम्ही जे प्रश्न काढले ते इथे देतेय, कारण ते तिने आधी विचारले असते तर बरं झालं असतं असं तीच म्हणते. घरून काम हे नेमणूकपत्रात लिहिलंय की साहेबाच्या तोंडी शब्दावर आहे? साहेब बदलला तर काय? नियम बदलायचा असेल तर किती महिने आधी सांगतील? नव्या घरापासून ऑफिसपर्यंत सोमवारी सकाळच्या गर्दीत एकदा प्रत्यक्ष जाऊन बघितलंय का, नकाशावर रविवारी दुपारी बघून चालत नाही. तीन दिवसांचा नियम आला तर आठवड्याचे किती तास जातील, आणि तेवढे तास वर्षभर झेपतील का? ही नोकरी गेली तर या घरातून दुसरी मिळेल का? आणि तिथे कामाबाहेरची ओळखीची चार माणसं आहेत का, कारण ऑफिस सुटलं की दिवसभरात बोलायला तीच उरतात. या सगळ्याची उत्तरं मनासारखी नसतील तर आधी वर्षभर भाड्याने राहून बघणं मला शहाणपणाचं वाटतं.

तिने शेवटी घर विकलं नाही. साहेबाशी बोलून तीन दिवस सलग करून घेतले, मंगळवार ते गुरुवार, आणि मधल्या दोन रात्री ती शहरात मावशीकडे राहते. मंगळवारी पहाटे निघते, गुरुवारी रात्री उशिरा पोचते, म्हणजे बारा तासांचा प्रवास चार तासांवर आला, पण दोन रात्री मुलगी आजीजवळ झोपते. बुधवारी रात्री नऊला दोघी व्हिडिओ कॉलवर गणितं सोडवतात. पुढच्या वर्षी काय, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.